दुर्गाघाटावरची मराठी काशी

मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटली की सुटते. कल्याण, नाशिक, भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास संपायला अठ्ठावीसएक तास लागतात. धुकं असेल तर आणखी दोन-चार तासांची भर. निघताना डब्यातले पंखे फिरत असतात. जबलपूरला संध्याकाळ होते, सतना मागे पडतं, आणि वरच्या बर्थवरून हाक येते, ‘आई, शाल कुठल्या बॅगेत आहे गं?’ शाल नेमकी सर्वांत खालच्या बॅगेत असते. पहाटेच्या अंधारात वाराणसीच्या फलाटावर उतरणारी मराठी कुटुंबं ओळखू येतात ती यावरूनच. आजीच्या डोक्याला मफलर, आजोबांच्या अंगात मुलाचा स्वेटर, मुलं बापाच्या शालीत आणि सून मात्र एका पातळ कार्डिगनवर, सगळ्यांचं सामान मोजत उभी.

काशीला जायचं तर याच दिवसांत जावं. मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे पुष्कळ, पण तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि घाटांच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांचा भरवसा नसतो. वसंतपंचमीपासून होळीपर्यंतचे पाच-साडेपाच आठवडे मात्र प्रवाशाला मानवणारे. पहाट चांगली गार, दुपार उबदार, आणि गंगेवर हिवाळ्यात आलेल्या पांढऱ्या पाणपक्ष्यांचे थवे अजून रेंगाळलेले. महाशिवरात्रीचा आणि रंगभरी एकादशीचा दिवस गाठायचा नसेल तर तो चुकवावा, एवढंच. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन गल्लीत शिरणं हे धाडस आहे.

मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, शाळा चार दिवस बुडते, हे खरं. पण बऱ्याच घरांत हा प्रवास मुलांच्या सोयीने ठरतच नाही. तो ठरतो आजीच्या गुडघ्यांवरून. ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असं म्हणत म्हणत दहा वर्षं गेलेली असतात, आणि एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की पुढच्या वर्षी आजीला पायऱ्या उतरता येणार नाहीत. मग तिकिटं काढली जातात.

एवढ्या लांबून आलेलं हे कुटुंब काशीत करतं काय? ठरलेला कार्यक्रम दोन दिवसांचा. विश्वनाथाचं दर्शन, अन्नपूर्णा, दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती, नावेतून एक फेरी, सारनाथ, बनारसी साडीचं दुकान, आणि परतीची गाडी. यात वाईट काही नाही. विश्वनाथ मंदिराचा परिसर डिसेंबर २०२१ मध्ये थेट गंगेपर्यंत मोकळा झाला, त्यामुळे तिथली गर्दी वाढली तशी जागाही वाढली. पण ज्या मराठी माणसांनी अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी या शहराच्या काठाला दगडी रूप दिलं, ती जिथे राहिली, तो भाग या कार्यक्रमात येतच नाही. दशाश्वमेधाहून नावेने उत्तरेकडे, राजघाटच्या पुलाच्या दिशेने निघालं की मणिकर्णिका, सिंधिया घाट, भोसले घाट, गणेश घाट, राम घाट, जटार घाट, बालाजी घाट, पंचगंगा अशी नावं एकामागून एक येतात. नावाडी ती भराभर म्हणतो. पंचगंगेला लागूनच आहे दुर्गाघाट, आणि त्यापुढे ब्रह्माघाट. काशीतली मराठी वस्ती ती हीच.

कोळ्यांच्या वस्तीत आलेले दीक्षित

मराठी माणसाचा काशीशी संबंध पेशव्यांपासून सुरू झाला असं नाही. पैठणचं भट घराणं सोळाव्या शतकातच काशीला येऊन स्थायिक झालं होतं. त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते काशीतच, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली. प्राकृत भाषेत ग्रंथ लिहितो म्हणून काशीच्या पंडितांनी आधी त्यांना विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा सांगतात.

पण घाट, वाडे, अन्नछत्रं हा सगळा पसारा अठराव्या शतकातला. १७३५ च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. परत यायला त्यांना दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा उजाडला. वाटेतल्या राजपूत राजांनी त्यांचा मानपान केला, कुठे अडवणूक झाली नाही. म्हाताऱ्या आईला काशी घडवण्याची मुलाची धडपड तेव्हाही होती. फरक इतकाच, की आज अठ्ठावीस तास फार वाटतात.

त्याच सुमारास पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीला येऊन राहिले. पंचगंगेच्या पलीकडे तेव्हा मासेमारांची आणि नावाड्यांची वस्ती होती. त्यांच्याकडून जागा घेऊन दीक्षितांनी तिथे घरं उठवली आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट हे पक्के दगडी घाट बांधले. गुरू राहिले म्हटल्यावर त्यांच्यामागून वैदिक आले, पुराणिक आले, आचारी-पाणके आले, आणि नवरा गेल्यावर उरलेलं आयुष्य गंगाकाठी काढायला आलेल्या कितीतरी बायका आल्या. देशावरच्या आणि कोकणातल्या आडनावांनी गल्ल्या भरल्या. घाटाच्या वरच्या अंगाला नाना फडणविसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडा आहे. लाकडी खांब आणि आतला चौक पाहिला की पुण्यातल्या एखाद्या पेठेत आल्यासारखं वाटतं.

काशी आणि प्रयाग ही क्षेत्रं आपल्या ताब्यात यावीत, अशी पेशव्यांची फार इच्छा होती. ती कधीच पुरी झाली नाही. काशीवर मराठ्यांचं राज्य एक दिवसही नव्हतं. तरीही तिथल्या काठावर त्यांच्याएवढं बांधकाम क्वचितच कुणी केलं असेल. विश्वनाथाचं आजचं मंदिर इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांचं, अठराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकातलं. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप आणि सिंधिया घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे. भोसले घाट नागपूरकरांचा. काळभैरवाचं मंदिर दुसऱ्या बाजीरावांनी उभारलेलं. आणि पंचगंगेच्या वर गल्लीत असलेलं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींचं. मूळ बिंदुमाधव औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. ती आजही तिथे आहे, मात्र दुरून दिसणारे तिचे उंच मिनार राहिले नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि या वस्तीचा पैशाचा झरा आटला. पण माणसं येत राहिली. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांना इथेच मुलगी झाली, तिचं नाव मणिकर्णिका. पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिच्या जन्माचं ठिकाण दाखवतात ते अस्सीजवळच्या भदैनीत, दुर्गाघाटापासून दुसऱ्या टोकाला.

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची हकिगत मुलांना गाडीतच वाचून दाखवावी. १८५७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला ते उत्तरेत निघाले, ते नेमके बंडात सापडले. मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं. शेवटी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात आले आणि आई-वडिलांना तिने स्नान घातलं. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झालं. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई ते कोलकाता लोहमार्ग जोडला गेला, आणि काशीची वाट महिन्यांवरून दिवसांवर आली.

आजीच्या पावलाने

दुर्गाघाटापर्यंत मोटार जात नाही. मैदागिन किंवा काळभैरवापर्यंत ई-रिक्षा मिळते. तिथून पुढे गल्ल्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं, आणि समोरून गाय आली तर दोघांनीही. म्हणून सामान कमी न्यावं. चाकांच्या बॅगा इथे उपयोगाच्या नाहीत, त्या शेवटी डोक्यावरच घ्याव्या लागतात. माकडं पुष्कळ आहेत. चष्मा आणि हातातला खाऊ सांभाळावा.

घाटावर जायचं ते वरून खाली, हे आधी नीट ध्यानात घ्यायला हवं. फेब्रुवारी-मार्चात गंगेचं पाणी खाली गेलेलं असतं, म्हणजेच उतरायच्या पायऱ्या जास्त. त्या उंच आहेत आणि त्यांना कठडा नाही. उतरणं जमतं, वर येताना दम लागतो. त्यामुळे दिवसाला एकच उतार धरावा. गल्लीतून दुर्गाघाटावर उतरावं, खालच्या खालीच पंचगंगा, बालाजी घाट असं सावकाश चालावं आणि नावेने दशाश्वमेधाकडे जावं. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम काठावर आहेत आणि त्यांची तोंडं पूर्वेला. सूर्य वर आला की ऊन थेट पायऱ्यांवर येतं, दुपारनंतर मात्र घरांच्या सावल्या पडतात आणि गारवा लौकर परततो. म्हणून घाटाची वेळ सकाळी सातनंतरची.

पहाटे चारला उठून गंगेत बुडी मारण्याचा हट्ट आजी करते. तो बहुतेक आजींचा असतो. आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट आहे, तिला नको म्हणणं जिवावर येतं. पण ज्याला रक्तदाब किंवा दमा आहे, त्याने त्या थंडीत नदीत उतरू नये. ऊन चढल्यावर शेवटच्या पायरीवर बसून तांब्याने खांद्यावर, पायांवर पाणी घ्यावं, अंग लगेच पुसून कोरडं लुगडं नेसावं. काशीचे वृद्ध रहिवासीही थंडीत तेच करतात. सोबत जाडसर टॉवेल, रबरी तळव्याची चप्पल आणि थर्मासमध्ये चहा असला की आजीला फार बोलावं लागत नाही.

मुलांसाठी या गल्ल्यांत एक गंमत आहे ती खास थंडीचीच. तिचं नाव मलइयो. दूध आटवून रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशर-वेलचीचा तो पिवळसर फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, आणि संपल्यावर दुकानदार त्याच कुल्हडात थोडं दूध ओततो. ऊन तापू लागलं की मलइयो बंद, त्यामुळे फेब्रुवारीत तो मिळाला तर मिळाला. चौखंबा आणि ठठेरी बाजार हा भाग दुर्गाघाटापासून पायी जाण्यासारखा, तिथे सकाळी शोधावा. पोट भरायला कचोरी-भाजी आणि जिलबी आहेच. सकाळी सकाळी जिलबी खाणारं शहर पाहून मुलं आपली काशी यात्रा सफल झाली असं समजतात.

विश्वनाथाच्या दर्शनाबद्दल इतकंच, की मोबाइल आत नेता येत नाही, आणि सोमवार टाळलेला बरा.

‘कुठले तुम्ही?’

दुर्गाघाटावर पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर जरा अवघड. भव्य असं काही नाही. घाटाच्या वरच्या गल्लीत ब्रह्मचारिणी दुर्गेचं देऊळ आहे. नवदुर्गांतली ही दुसरी. एरवी इथे शांतता असते, पण चैत्र आणि आश्विन नवरात्रांच्या द्वितीयेला गल्ली माणसांनी भरून जाते. म्हणजे घराघरांत गुढी उतरली, की दुसऱ्याच दिवशी उभी काशी या मराठी वस्तीत दर्शनाला. एकेकाळी हा घाट मुक्कीसाठीही प्रसिद्ध होता. मुक्की म्हणजे बनारसी मुष्टियुद्ध. कार्तिकात त्याचे सामने इथे होत.

शेजारच्या पंचगंगेवर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ आहे, शेकडो खोबण्यांचा. कार्तिकी पौर्णिमेला तो उजळतो. त्याच्या अलीकडे बालाजीचं देऊळ, जिथे बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं सनईचा रियाज करत. त्यांचं निधन २००६ मध्ये झालं. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, आणि तिथल्या वेदपठणात मराठी घराण्यांचा वाटा मोठा. ब्रह्माघाटावर गणपती बसतो आणि आरत्या मराठीत होतात. याच काशीत १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर पुढे ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले. हिंदी पत्रकारितेला वळण लावणारा हा माणूस घरी मराठी बोलणारा होता, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही.

पण दुर्गाघाटावर ऐकायचं असतं ते वेगळंच. आजी पायऱ्यांवर बसलेली असते, नातवाला ओरडत असते, ‘अरे, पाण्याच्या कडेला जाऊ नकोस.’ आणि वरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारतं, ‘कुठले तुम्ही?’ अठ्ठावीस तास हिंदी ऐकून कान मिटलेल्या आजीचा चेहरा त्या दोन शब्दांनी उजळतो. विचारणारे गृहस्थ पाच-सहा पिढ्यांचे काशीकर असतात. त्यांनी महाराष्ट्र पाहिला तो लग्नकार्यापुरता. बोलता बोलता मध्येच एखादं हिंदी क्रियापद येतं, पण वळण घरच्या मराठीचं.

हा प्रश्न पूर्वी पुष्कळ ओट्यांवरून येत असे. आता तो ऐकू यायला नशीब लागतं. मुलं शिकून पुण्या-मुंबईला, बंगलोरला गेली. काही परदेशी. वाड्यांचे वाटे झाले, वाट्यांचे पुन्हा वाटे झाले. काहींत गेस्ट हाऊस निघाली, काहींना कुलपं लागली. मागे राहिलेल्या आजोबांच्या घरी नातवंडं सुट्टीत येतात, ती आपसांत हिंदी नाहीतर इंग्रजीत बोलतात. ज्या घाटांना दगडाचं रूप दिलं ते टिकले आहेत, टिकतीलही. बोलणं मात्र ओट्यावरच्या माणसाबरोबर जाणार. काशीच्या मराठी लोकांबद्दल महाराष्ट्राने कधी फार विचार केला असं दिसत नाही. यात्रेकरू आले, दर्शन घेतलं, गेले. निदान दोन तास तिथे बसावं, चौकशी करावी, आपली आडनावं सांगावी. एवढ्यानेही त्या घरात चहा ठेवला जातो.

आडनावावरून आठवलं, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूचं नाव, गाव, सोबत आलेली माणसं आणि खाली सही, अशी नोंद ठेवण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. घराण्याचे उपाध्याय कोण, हे घरच्या जुन्या माणसांना माहीत असतं, म्हणून निघण्यापूर्वी काका-आत्यांना फोन करून विचारून ठेवावं. वही मिळेलच असं नाही, मिळाली तर पान सापडेलच असंही नाही. पण कुणाच्या पणजोबांची मोडीतली सही सापडते आणि सातवीतला मुलगा, जो चार दिवस मोबाइलसाठी कुरकुरत होता, तो त्या काळ्या आकड्यांवर वाकून विचारतो, ‘यात आपलं नाव कुठे आहे?’ त्याला ते कुणालाच वाचता येत नाही. उपाध्यायच वाचून दाखवतात. त्याच पानाखाली मग बाप सही करतो, आणि मुलालाही करायला लावतो.

शेवटच्या दिवशी एक चर्चा प्रत्येक कुटुंबात होते. काशीला आल्यावर आवडती वस्तू सोडायची असते. एखादं फळ, एखादी भाजी, पुन्हा कधी खायची नाही. आजीने मनाशी आधीच ठरवलेलं असतं. तिने आंबा सोडला की सगळे गप्प होतात, कारण तो तिला किती आवडतो हे सगळ्यांना माहीत असतं. सून म्हणते, ‘आई, आंबा नको हो, दुसरं काहीतरी सोडा.’ आजी ऐकत नाही. नातवंडं मोठ्या उदारपणे पडवळ आणि कारलं सोडतात. आवडीचंच सोडायचं असतं, असं त्यांना दोनदा समजावून सांगितलं जातं.

मग ठठेरी बाजारातून तांब्याचे गडू घ्यायचे. गंगेचं पाणी भरून तोंड झाळून घ्यायचं. किती घ्यायचे यावर पुन्हा चर्चा. देवघरात एक, बहिणीकडे एक, शेजारच्या काकूंनी सांगितलेला एक, आणि एक जास्तीचा. घरी परतल्यावर गंगापूजन आणि मावंदं. त्याची तारीख परतीच्या गाडीत, सतना यायच्या आतच ठरते. जेवायला कोण कोण आणि वाढायला कोण, हेही. आजीच्या पानात त्या दिवशी आमरस नसणार, म्हणून मावंदं आंब्यांच्या आधी, चैत्रातच उरकायचं, असं सून सुचवते.